उजवीकडचा रॅक

"हात दाखव," मी म्हणाले.

रेणू जेवायला बसली होती. शाळेचा गणवेश अंगात, दोन वेण्या घातलेल्या, आणि दुधात भाकरी कुस्करून घाईघाईने खात होती. शाळा तीन किलोमीटरवर, तीही पायी. तिने उजवा हात ताटावरून उचलून पुढे केला.

"दोन्ही दाखव. काल सांजच्याला पाला टाकताना धुतले होते का?"

"धुतले होते."

"कशानं?"

"आधी साबणानं. मग ब्लिचिंगच्या पाण्यानं."

"मग ह्या काय हौसेनं मेल्या का?"

मी पदर तिच्या ताटाशेजारी उघडला. पदरात चाळीसेक रेशमाच्या अळ्या होत्या. काल संध्याकाळी त्या भेंडीसारख्या टरारलेल्या होत्या. आता आखडून निम्म्या झाल्या होत्या आणि तोंडातून हिरवं पाणी आलेलं होतं. रेणूने ताट बाजूला सारलं. एकेक अळी उलटी करून बघायला लागली.

"माझ्या रॅकच्या हायेत?"

"मग माझ्या असतील का? माझ्या रॅकला एक मेलेली दाखव, मी कान धरते. दप्तर ठेव खाली. आज शाळा नाही."

"आज चाचणी हाय, आई."

"चाचणी हितंच चाललीय तुझी."

त्या सकाळी मी असं बोलले. आता बारा वर्षं झाली, पण माझं बोलणं मला शब्दन् शब्द आठवतं. तिचं काय काय मी ऐकूनच घेतलं नाही, ते मात्र नंतर आठवून आठवून जमवावं लागलं.

ते आमचं रेशमाचं पहिलं वर्ष आणि दुसरी बॅच. त्याआधी चौदा वर्षं मी आणि माझे मालक, महारुद्र, दसरा झाला की बीडकडून ऊसतोडीला जात होतो. तिकडे नवरा-बायको मिळून एक कोयता मोजतात. लेकरं कुणी मोजत नाही, पण ती बरोबर येतात आणि सहा महिने शाळेला मुकतात. रेणूचा जन्मच फडाकडेच्या पाचटाच्या कोपीत झाला. ती सातवीत आली होती आणि एकही इयत्ता तिने जूनपासून एप्रिलपर्यंत सलग केलेली नव्हती. पहिल्या बॅचने आम्हाला दाखवलं की कोयता सुटू शकतो. ही दुसरी हाताशी लागली तर त्या दसऱ्याला घराला कुलूप लागणार नव्हतं. गेली, तर आश्रुबा मुकादम टोळी भरतच होता, आणि रेणूचं नाव पुन्हा हजेरीतून सहा महिने गळणार होतं.

लेकराला कामाचं वळण लहानपणीच लागलं पाहिजे असं माझं ठाम मत. नुसतं मत नव्हे, तोरा होता मला त्याचा. शेडमध्ये पाच-पाच कप्प्यांचे दोन रॅक होते. डावीकडचा माझा, आणि या बॅचपासून उजवीकडचा रेणूचा. तिच्या रॅकला पाला तिनेच टाकायचा, चुना तिनेच भुरभुरायचा, विष्ठा तिनेच काढायची. हात धुतल्याशिवाय दाराला शिवायचं नाही, पाय ब्लिचिंगच्या घमेल्यात बुडवल्याशिवाय आत टाकायचा नाही. मालकांना तर मी उंबऱ्याच्या आत येऊच देत नव्हते. रेशीम कार्यालयाच्या कुलथे साहेबांनी पहिल्याच भेटीत सांगितलं होतं की या अळ्यांना तंबाखूचा वारासुद्धा सोसत नाही, आणि आमचे मालक म्हणजे जन्माचे तंबाखूवाले. बॅच असेपर्यंत त्यांनी पुडी सोडली होती. निदान तसं सांगत तरी होते. तुतीच्या फांद्या तोडून दाराशी टाकायच्या आणि तिथूनच माघारी फिरायचं, एवढाच त्यांना परवाना.

पोरीवर काम टाकलं तरी त्यावर नजर हवी, हाही माझाच कायदा. अळ्या मोठ्या झाल्यापासून, सकाळी दगडावर बसून मिश्री लावून झाली की मी उजव्या रॅकवर एक फेरी मारायची. दुपारी एक. ती पाला टाकून बाहेर आली की आणखी एक. बोटांनी फांद्या सारून बघायचं, कुठे दाटी झाली असेल तर अळ्या उचलून मोकळ्या करायच्या, कोपरा राहिला असेल तर तिथूनच हाक द्यायची, "रेणे, हा कोपरा काय तुझी सासू येऊन भरणार हाय का?" ती पळत यायची आणि कोपरा भरायची. माझ्या रॅकवर अशी फेरी मारायची मला कधी गरज वाटली नाही. माझ्या कामाची मला खात्री होती.

त्या दिवशी तिला मी दिवसभर शेडमध्ये ठेवलं. तिने मेलेल्या अळ्या चिमट्याने वेचल्या, चुना टाकला, पाला बदलला. मला उचक्या लागाव्यात तशी धास्ती लागली होती. बसवत नव्हतं, उठवत नव्हतं. दर तासाला आत जाऊन मी तिचे कप्पे चाचपून येत होते.

दुसऱ्या दिवशी पाटी भरून अळ्या निघाल्या.

अळ्या शेवटच्या अवस्थेत होत्या. पाच-सहा दिवसांत त्यांनी कोष करायला चढायचं. म्हणजे कडेवर घेऊन गाव ओलांडायचं आणि वेशीत लेकरू खाली पडायचं, असा प्रकार. मी पाटी उंबऱ्यावर आपटली. रेणू आत तिसऱ्या कप्प्याशी उभी होती. जिवंत होत्या त्यांतल्या काही अळ्या डोकं वर ताणून नुसत्या डोलत होत्या, पाल्याला तोंड लावत नव्हत्या.

"ही कुणाची करणी हाय?" मी विचारलं.

"मी समदं नीट करतीय, आई."

"नीट? ह्याला नीट म्हणतात? अर्धं ध्यान त्या पुस्तकात, आन् हात हितं. कामचोर कुठली!"

"मी सांगू का? सकाळी तू जवा आत…"

मी तिच्या थोबाडीत मारली. तिला पुढचं बोलूच दिलं नाही.

"आपली चूक झाली की दुसऱ्याकडं बोट दाखवायचं? हे शिकवलं मी तुला? चूक झाली तर गप ऱ्हायचं, हात धुवायचे आन् पुन्हा काम नीट करायचं. कळलं?"

"कळलं," ती म्हणाली.

ती गप्प राहिली. हात धुवायला गेली. मला तेव्हा बरं वाटलं होतं, हेही सांगायला पाहिजे. वाटलं, एक ठेवून दिली की लेकरू कसं सरळ होतं.

तिन्हीसांजेला आश्रुबा मुकादम मोटारसायकलवरून आला. अंगणात बाजेवर बसून त्याने चहा घेतला. बातमी त्याला लागलेली होतीच. गावात कुणाच्या घरी काय मेलं हे मुकादमाला सगळ्यांआधी कळतं.

"वैनी, माझी टोळी भरत आली. एका कोयत्याची जागा हाय. म्हणलं, आधी घरच्या माणसाला इचारावं."

मालक माझ्याकडे बघत राहिले. त्यांना नाही म्हणायचं होतं, पण पाटीतल्या मेलेल्या अळ्या त्यांनीच खड्ड्यात पुरल्या होत्या.

"परवा सांगते," मी म्हणाले.

"परवा पक्कं. नाहीतर मग माझ्यावर बोल ठिवू नका. अन् पोरगी आता मोठी झाली की. मोळ्या बांधू लागंल."

रेणू शेडच्या दारात होती. ब्लिचिंगच्या बादलीत दोन्ही हात घालून धूत होती. मुकादमाचं बोलणं तिने ऐकलं, मान वर केली नाही, धूत राहिली. मी तिच्याजवळ जाऊन हळूच म्हणाले, "ऐकलंस? हे तुझ्या हातानं चाललंय." मुकादमासमोर ओरडायची लाज वाटली म्हणून हळू म्हणाले. हळू बोललेलं जास्त लागतं हे मला ठाऊक होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी कुलथे साहेब आले. मालकांनी सकाळीच फोन करून त्यांच्या हातापाया पडून बोलावलं होतं. तोवर उजव्या रॅकचे वरचे कप्पे जवळजवळ ओसाड झाले होते. माझ्या डाव्या रॅकवर मात्र अळ्या पाला खात होत्या आणि चांगल्या फुगल्या होत्या. ते बघून मला आनंद व्हायच्या ऐवजी रेणूचा आणखीच राग येत होता. एकाच छपराखाली, एकच पाला, एकच पाणी. फरक फक्त तिचा आणि माझा.

साहेबांनी हात धुतले, तोंडाला फडकं बांधलं आणि आत गेले. आम्ही तिघं दारात. त्यांनी एक डोलणारी अळी उचलली, उजेडाकडे धरली, बोटाने तिचं पोट चाचपलं. मग दुसरी. मग बाहेर येऊन म्हणाले, "रोग नाही हा. विषबाधा आहे. तंबाखू."

मी मालकांवर झडपच घातली. चारचौघांत नवऱ्याला अरे म्हणायची आमच्यात रीत नाही, पण त्या दिवशी मी काय काय म्हणाले ते लिहिण्यासारखं नाही. त्यांच्या शर्टाचा खिसा ओढून मी उसवला. खिशातून जुनी चिठ्ठी आणि एक सुतळीचा तुकडा निघाला.

"पोरीच्या गळ्याची आण," ते म्हणाले. "महिना झाला, पुडीला हात लावला न्हाई. आन् आत तर मी गेलोच न्हाई गं, दैवशाला. तूच जाऊ देत नव्हतीस."

"मग काय मी खाल्ली तंबाखू?"

"थांबा ताई," साहेब म्हणाले. "पाला दोन्ही रॅकला एकच जातो ना?"

"एकच."

"मग पाल्यातून आलेलं नाही हे. पाल्यातून आलं असतं तर डावीकडच्याही मेल्या असत्या. हे हातातून आलंय. उजवीकडे हात कोण लावतं?"

"ही." मी रेणूला पुढे ढकललं.

साहेबांनी तिचे हात हातात घेतले आणि ते दचकलेच. मी दोन दिवस त्या हातांवर ओरडत होते, पण हात बघितले नव्हते. बोटांच्या बेचक्यांतली कातडी पांढरी पडून सुटली होती. पेरं चिरली होती. दोन ठिकाणी रक्त येऊन सुकलं होतं.

"अगं, हे काय करून घेतलंस? किती वेळा धुतेस?"

"सात वेळा."

"दिवसातून?"

"न्हाई. एकदा पाला टाकायच्या आधी सात वेळा. आधी तीन वेळा धूत हुते. तरी मरत हुत्या."

साहेब वाकले. त्यांनी तिची बोटं नाकाजवळ नेली. "नुसतं ब्लिचिंग आहे," ते म्हणाले. "हिच्या हातात काही नाही. हिच्याशिवाय आणखी कोण हात लावतं?"

रेणू जमिनीकडे बघत होती. मालक तिच्याकडे. मी "कुणीच न्हाई" म्हणायला तोंड उघडलं, आणि तोंडात मिश्रीची चव होती.

साहेब यायच्या अर्धा तास आधीच मी दगडावर बसून लावली होती. जिवाला घोर लागला की मी डबी उघडायची. एरवी सकाळी एकदा आणि दुपारी एकदा. त्या तीन दिवसांत किती वेळा, ते मोजलंच नव्हतं. लावली, चूळ भरली, बोट पदराला पुसलं आणि उठून आत गेले. हात धुतले नाहीत. पाला टाकायला जाताना मी धूत होते, अगदी कोपरापर्यंत धूत होते. पण उजव्या रॅकवर मी कामाला कुठे जात होते? मी तर पोरीचं काम बघायला जात होते. बघणाऱ्याला हात धुवावे लागतात, हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

मी माझ्या उजव्या हाताकडे बघितलं. अंगठ्याशेजारच्या बोटाच्या नखात काळं होतं. तीन दिवस याच बोटाने मी तिला दटावत होते.

"साहेब," मी विचारलं, "मिश्रीत तंबाखू असती का?"

साहेबांनी माझ्या नखाकडे बघितलं. "मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच की, ताई."

मला का ठाऊक नव्हतं? तव्यावर मीच भाजत होते. धुराने ठसका लागायचा. वाटून, फडक्याने चाळून डबीत मीच भरत होते. पण तंबाखू म्हणजे पुरुषांची, पुडीतली, थुंकायची. मिश्री म्हणजे दात घासायची वस्तू. माझ्या आईने लावली, सासूने लावली, तिला कुणी व्यसन म्हणालं नाही. नवऱ्याला उंबऱ्याबाहेर उभं करून मी स्वतः ती बोटाला लावून आत नेत होते आणि पोरीच्या अळ्या एकेक उचलून मोकळ्या करत होते.

मालक खाली बसले. चार शब्द बोलले असते तर मला सोपं गेलं असतं. ते उसवलेला खिसा बोटाने जागेवर बसवत राहिले.

साहेब निघताना म्हणाले, "डावीकडच्या चांगल्या आहेत. उजवीकडच्या ज्या खातायत त्या वेगळ्या काढा, त्यांतल्या बऱ्याच वाचतील. निम्मा माल तरी निघेल. पण आता त्यांना हात लावायचा तो एकाच माणसाने."

कुणी ते त्यांनी सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती.

त्यांची गाडी गेल्यावर मी रेणूजवळ गेले. ती पायरीवर बसून मेलेल्या अळ्या पाटीत भरत होती.

"माझंच चुकलं, रेणू," मी म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदाच लेकराला असं म्हणाले. 

"मला माहीत हुतं."

"कधीपासून?"

"काल सकाळपासून. खालचा कप्पा तू बघत न्हाईस, वाकावं लागतं म्हणून. त्यात एक पण मेली न्हाई. तू हात लावतीस तेवढ्याच मरत हुत्या."

तेरा वर्षांच्या पोरीला ते दिसलं होतं. सगळं शहाणपण अंगावर वागवणाऱ्या मला दिसलं नव्हतं.

"मग बोलली का न्हाईस गं?"

तिने पाटीवरून मान वर केली. तिच्या चेहऱ्यावर राग असता तर मी तो सोसला असता.

"बोलले की," ती म्हणाली. "तवाच तू मारलंस."

मला रडू फुटलं. ती रडली नाही. मी आत जाऊन खोबरेल तेलाची बाटली आणली आणि तिचा हात ओढून घ्यायला लागले. तिने हात मागे घेतला.

"नको. तेलाच्या हातानं आत जाता येत न्हाई."

"अगं, पण हात बघ की तुझे. दोन दिवस राहू दे. मी करते, मी चांगले धुऊन करते…"

"चार वाजले," ती म्हणाली.

पाल्याची वेळ झाली होती. मालकांनी फांद्यांचा भारा दाराशी आणून टाकला होता. तिने साबण लावून हात धुतले, मग बादलीत बुडवले. चिरा झोंबल्या असणार, कारण तिने खालचा ओठ दातांत धरला. मग भारा उचलला. मी सवयीने तिच्या मागे निघाले.

ती दारात थांबली.

"आई, तू नको येऊस."

मी नाही गेले. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही. डाव्या रॅकचा पालासुद्धा तिनेच टाकला. पाच दिवस मी तुतीच्या फांद्या तोडल्या, दारापर्यंत आणल्या आणि नवऱ्याच्या जागी उभी राहिले. डबी उकिरड्यावर फेकली होती. तोंड शोषायचं, आणि आतून पोरीच्या पावलांचा आवाज यायचा. सहाव्या दिवशी अळ्या कोषाला चढल्या. माल निम्म्यापेक्षा थोडा जास्तच निघाला. आश्रुबा मुकादमाने आमची जागा दुसऱ्या जोडप्याला दिली. रेणू शाळेत गेली, आणि त्यानंतर एकही वर्ष तिची शाळा मधेच सुटली नाही.

ती आता लातूरला एका दवाखान्यात नर्स आहे. तिथली माणसं मला सांगतात, तुमच्या पोरीच्या कामाला नाव ठेवायला जागा नाही, काय वळण लावलंय. मी हसते. काय सांगणार त्यांना?

तिच्या घरी गेले की ती दमून आलेली असते, तरी ओट्याशी उभी राहून चार माणसांचा स्वयंपाक करते. मी भाजी तरी निवडते म्हणून उठायला लागते. ती मागे वळते, हसून म्हणते, "आई, तू बस." मायेनेच म्हणते, त्यात खोट काढता येत नाही.

मी बसते.